चार मीटरच्या गाडीत कोल्हापूरचं घर

कोल्हापुरात दसऱ्याला दोन तऱ्हेच्या गाड्या बघायला मिळतात. एक छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक. ती शाही थाटात दसरा चौकात येते आणि लोक मोबाइल उंच धरून तिच्यासाठी उभे असतात. दुसऱ्या गाड्या त्याच दिवशी शोरूममधून निघालेल्या, बॉनेटवर झेंडूचा हार घालून अंबाबाईच्या नाहीतर जोतिबाच्या वाटेला लागलेल्या. या दुसऱ्या गाड्यांचा चेहरा गेल्या दहा-बारा वर्षांत पार बदलला. पूर्वी त्यांत स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन असायच्या. आता उभं नाक, चाकांभोवती काळं प्लास्टिक, टपावर दोन रेल आणि लांबी चार मीटरच्या जेमतेम आत, असा एकच साचा दिसतो. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक. त्याहून लहान हवी असेल तर पंच, एक्स्टर, फ्राँक्स, मॅग्नाइट. सगळ्यांना मिळून नाव ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’. मुलांची शाळा, लक्ष्मीपुरीतला बाजार, पौर्णिमेला नरसोबाची वाडी, दिवाळीत पुणे आणि मे महिन्यात कोकण एवढं सगळं एकाच गाडीने करणाऱ्या घराला ही गाडी कितपत पुरते, ते इथे पाहायचं आहे.

हा साचा ना एखाद्या चित्रकाराने काढला, ना ग्राहकाने मागितला. तो कराच्या कोष्टकातून निघाला. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं आणि लहान गाडी म्हणजे काय तेही ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या मापात एसयूव्ही कोंबायचा पहिला प्रयत्न आपल्या चिंचवडचा. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरने २००९ मध्ये ‘रिओ’ आणली. ती चालली नाही, आज कुणाला आठवतही नाही. २०१३ मध्ये फोर्डने ३९९९ मिलिमीटर लांबीची इकोस्पोर्ट आणली आणि चित्र पालटलं. २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला एक्सयूव्ही ३०० आणि व्हेन्यू, २०२० ला सोनेट, अशी मग रांगच लागली. रांग सुरू करून देणारी फोर्ड मात्र २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करून गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि हे माप आणखी पक्कं झालं. मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, न बसणाऱ्या गाडीला ४० टक्के. ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. नेक्सॉनचं १.५ लिटर डिझेल १८ टक्क्यांत. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या किमतीत कराचा एवढा फरक आहे, हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. तेव्हा ‘अमुक गाडी स्वस्त का, तमुक महाग का’ याचं उत्तर गाडीत शोधण्याआधी कोष्टकात शोधावं. वर महाराष्ट्राचा एकरकमी मोटार वाहन कर आहेच. दहा लाखांपर्यंतच्या खाजगी गाडीला पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३. विमा, फास्टॅग आणि ॲक्सेसरीजची यादी धरली की जाहिरातीतली किंमत आणि घरी आलेली किंमत यांत लाख-दीड लाखाचं अंतर सहज पडतं.

नावातल्या एसयूव्हीवर फार भिस्त ठेवू नये. वर जी नावं घेतली, त्या सगळ्या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चार मीटरच्या आत चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या म्हणजे तीन दारांची थार आणि जिम्नी. दोन्ही तरण्या पोरांच्या गाड्या. आजीला मागच्या सीटवर चढवायची वेळ आली की त्यांचं कौतुक ओसरतं. गंमत अशी की गुजरातमध्ये बनलेली फ्राँक्स २०२४ पासून जपानला जाते आणि तिथे ती चारही चाकांच्या ड्राइव्हसह मिळते, आपल्याकडे मिळत नाही. पण त्याची हळहळ कोल्हापूर शहरातल्या घराने करायचं कारण नाही. गळिताच्या हंगामात रस्त्यावर सांडलेला चिखल किंवा एखाद्या फार्महाउसची कच्ची वाट यासाठी पुढची चाकं पुरतात. ज्यांचं शिवार शाहूवाडीत किंवा राधानगरीच्या वर आहे आणि पावसाळ्यातही रोज तिकडे जायचं आहे, त्यांनी या रांगेत उभंच राहू नये. त्यांच्यासाठी मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो आहे, तीही चार मीटरच्या आतच. ती धक्के देते, आवाज करते, वळणावर डुलते. पण पाणंदीत रुतत नाही आणि रुतलीच तर गावातला कुणीही ती बाहेर काढतो.

मग उंचीचं काय? ग्राउंड क्लिअरन्स हा या गाड्यांचा सगळ्यात मोठ्याने सांगितला जाणारा गुण. नेक्सॉन २०८ मिलिमीटर, मॅग्नाइट २०५, ब्रेझा १९८, कायलॅक १८९, पंच १८७, एक्स्टर १८५. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं आणि सामान चढलं की स्प्रिंग दबते आणि दोन-तीन सेंटिमीटर तिथेच जातात. तरीही फुलेवाडी सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की बालिंगा, कळे, असळज असं प्रत्येक गाव आपापल्या मापाचा गतिरोधक घेऊन बसलेलं असतं, आणि तिथे भरलेली सेडान पोट घासते, ही घासत नाही. एवढा फायदा खरा आहे. १८५ आणि २०८ मधला फरक मात्र रोजच्या वापरात जाणवत नाही, त्यावरून गाडी ठरवू नये.

उंच गाडीचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो जाहिरातीत दिसत नाही. सीटची उंची. सेडानमध्ये बसायला खाली वाकावं लागतं, सुमो किंवा स्कॉर्पिओत वर चढावं लागतं. या गाडीची सीट मध्यम उंचीच्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली येते, त्यामुळे माणूस नुसता वळतो आणि बसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, सहावारी सावरत बसणारी आई, पोटुशी सून या तिघींसाठी ही दहा-बारा सेंटिमीटर इंजिनाच्या ताकदीपेक्षा महत्त्वाची आहेत. माझ्या मते घराघरात ही गाडी शिरली ती याच कारणाने. ‘रोड प्रेझेन्स’ वगैरे कारणं घरातल्या तरुण मंडळींनी नंतर जोडली. शोरूममध्ये बाजूची पायरी लावून देतात, तिने ही सोय बिघडते. पाय त्या पायरीच्या पलीकडे टाकावा लागतो, आणि ज्या उंचीसाठी पैसे मोजले तीही थोडी कमी होते.

रुंदीचा हिशेब मात्र उलटा आहे. मारुती ८०० ची रुंदी १४४० मिलिमीटर होती. नेक्सॉनची १८०४, ३एक्सओची १८२१, आणि यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. गाडी सव्वा फूट फुगली. मंगळवार पेठेतली, शुक्रवार पेठेतली, गंगावेशीच्या आतली गल्ली होती तेवढीच राहिली. उलट दारात दोन दुचाक्या आणि एक टमटम वाढली. शनिवार-रविवारी अंबाबाईला बाहेरगावची गर्दी लोटते तेव्हा बिंदू चौकाचा वाहनतळ भरतो आणि ताराबाई रोड, महाद्वार रोडच्या बाजूला गाडी नेणं म्हणजे अंगावर ओरखडे मागून घेणं. पेठेत राहणाऱ्याने म्हणून पंच (१७४२) आणि एक्स्टर (१७१०) आधी बघाव्यात. आठ-दहा सेंटिमीटरने काय होतं, असं राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कात बंगल्याच्या गेटमधून गाडी काढणारा विचारेल. समोरून छोटा हत्ती आला की आपली गाडी मागे कुठपर्यंत न्यायची, हा प्रश्न ज्याला रोज पडतो तो नाही विचारणार. चारही बाजूंचा कॅमेरा ही एक महागडी सोय मी पेठकऱ्यासाठी गरजेची मानतो. सनरूफ नाही.

सनरूफबद्दल एकदाच बोलून घेऊ. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती बंद असते, जून ते सप्टेंबर पावसामुळे बंद असते. उरलेल्या दिवसांत तिच्यातून पोरं अर्धी बाहेर काढून मिरवणुकीसारखी गाडी नेणारे पालक दिसतात, आणि पुढच्या ब्रेकला काय होईल या विचाराने बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. छपरातली तिची यंत्रणा मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची दोन-चार बोटं जागाही खाते. त्याच पैशात वरचं इंजिन मिळत असेल तर इंजिन घ्यावं.

आता इंजिनाकडे येऊ, कारण कोल्हापूरकराचा प्रश्न मुंबई-पुणेकराहून इथे वेगळा होतो. कोल्हापूर देशावर आहे. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, कोणताही घाट धरा, कोकणात जाताना तो उतरायचा असतो आणि चढायचा असतो परतीला. सकाळी ताजेतवाने निघालेले सगळे जण रविवारी संध्याकाळी दमून परत येतात तेव्हा डिकीत आंब्याच्या पेट्या, नारळ, थर्माकोलच्या खोक्यात बर्फातली सुरमई. पाच मोठी माणसं म्हणजे सव्वातीनशे किलो, वर सामान पन्नास-साठ. गाडीचं स्वतःचं वजन अकराशे-बाराशे किलो, त्यावर जवळजवळ तिसरा हिस्सा चढला. एसी चालू आहे, अंधार पडतोय, पुढे वाळूचा डंपर पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत चाललाय आणि त्याला ओलांडायला सरळ रस्त्याचा तुकडा मिळतो तो जेमतेम दोनशे मीटर. गाडीची खरी परीक्षा या दोनशे मीटरात आहे. कावळा नाक्यापासून विमानतळाच्या रस्त्यापर्यंत एकट्याने केलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ती होत नाही.

तिथे साधं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे पंच, एक्स्टर किंवा फ्राँक्सचं खालचं इंजिन, ११३-११५ न्यूटन मीटर जोर देतं, आणि तोही इंजिन वर फिरवल्यावर. फ्राँक्समध्ये तो ४४०० फेऱ्यांना मिळतो. गाडी चढते, अडत नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये बोंबलत चढते आणि डंपरच्या मागेच राहते. टर्बो पेट्रोलचं गणित वेगळं. नेक्सॉन १७० न्यूटन मीटर, कायलॅक १७८, दोन्हींचा जोर १७५० फेऱ्यांपासून. ३एक्सओचं साधं टर्बो २००, वरचं २३०. डिझेल त्याहून पुढे: सोनेट २५०, नेक्सॉन २६०, ३एक्सओ ३००. एवढा जोर हातात असला की तिसऱ्या गिअरमध्ये पाय थोडा दाबला तरी ते दोनशे मीटर पुरतात. टर्बोची एक खोड सांगायला हवी. आवळत्या वळणावर फेऱ्या दीड हजाराच्या खाली गेल्या की टर्बो झोपतं आणि भरलेली गाडी क्षणभर लटकते. ते माहीत नसलेला चालक घाबरून क्लच दाबतो, आणि मग गाडी मागे येते. त्याला उपाय एकच, वळणाच्या आधी पहिला गिअर. हिल होल्ड असेल तर तेवढी काळजी कमी.

उतरताना उलटा धडा. करूळ घाट न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. ब्रेक तापून मऊ पडले की डिस्क, ड्रम, एबीएस कशाचाच उपयोग होत नाही. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीच्या चालकांचा नियम या गाड्यांनाही लागू आहे. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने म्हणून हाताने गिअर खाली आणायची सोय आहे का ते बघून घ्यावं. ऑटोमॅटिकमध्ये सगळ्यात स्वस्त एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. शहरात ती चालून जाते. घाटात मात्र नेमकं नको तेव्हा गिअर बदलते आणि त्या अर्ध्या सेकंदात जोर तुटतो. ब्रेझा, फ्राँक्स टर्बो, कायलॅक आणि ३एक्सओ यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे. तो जास्त पेट्रोल पितो, पण न धसकता चढतो. घरात गाडी चालवणारे तीन-चार जण असतील आणि त्यांतल्या एकाने नुकताच परवाना काढला असेल, तर या पर्यायासाठी जास्तीचे पैसे द्यायला मी सांगेन.

इंधनाचा हिशेब भावनेने करू नये. उदाहरणादाखल धरा, त्याच गाडीचं डिझेल मॉडेल सगळे कर धरून सव्वा लाखाने महाग आहे, पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९१, टर्बो पेट्रोल लिटरला १३ किलोमीटर देतं आणि डिझेल १८. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये, डिझेलचा ५ रुपयांच्या किंचित वर. सव्वा लाख वसूल व्हायला साधारण ४२ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याला, महिन्यातून तीनदा पुणे-बेळगाव करणाऱ्याला हे दोन वर्षांत परवडतं. शाळा-बँक-बाजार करून वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर होणाऱ्या घराला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तोवर दुसरंच दुखणं सुरू होतं. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला साफ करते ते गाडी काही वेळ सलग आणि जोरात पळाल्यावर. राजारामपुरीतून शाहूपुरी आणि शाहूपुरीतून परत, एवढंच करणाऱ्या गाडीत ती साफ होतच नाही. एक दिवस दिवा पेटतो आणि सर्व्हिस सेंटरला महामार्गावर फेरी मारून आणावी लागते. शहरापुरतं डिझेल, हा सध्या सगळ्यात चुकीचा सौदा आहे.

पेट्रोलचीही एक स्थानिक कथा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे टाकीमागे काही किलोमीटर कमी होणारच. त्या इथेनॉलचा काही भाग उसातून येतो. नोव्हेंबरपासून ज्या ट्रॉल्यांच्या मागे आपण ताटकळतो, त्यांतलाच माल पुढे आपल्या टाकीत येतो, आणि ॲव्हरेज कमी लागलं म्हणून ज्याला शिव्या द्याव्यात तो कारखाना आपल्याच पाहुण्याचा असतो.

सीएनजीचा खर्च कमी, यात वाद नाही. फ्राँक्सचं ९० पीएसचं इंजिन सीएनजीवर ७७.५ पीएस होतं, जोर ११३ वरून ९८.५ न्यूटन मीटरवर येतो. परतीच्या चढाचं वर जे वर्णन केलं, त्यात हा आकडा बसवून बघावा. एकच मोठी टाकी असेल तर डिकी संपली. नेक्सॉनने २०२४ मध्ये टर्बो इंजिनाला दोन लहान टाक्यांचं सीएनजी जोडलं. त्यात १०० पीएस आणि १७० न्यूटन मीटर मिळतात आणि ३२१ लिटर डिकी उरते, हा त्यातल्या त्यात शहाणा तोडगा. पंपावरची रांग मात्र कोणतीच कंपनी कमी करून देत नाही. विजेच्या गाडीबद्दल एवढंच, की घरी स्वतःचं पार्किंग आणि मीटर असलेल्या, दुसरी गाडीही बाळगणाऱ्या घराला पंच ईव्ही किंवा नेक्सॉन ईव्ही शहरासाठी उत्तम आहे. घाट उतरताना ती थोडी वीज परतही मिळवते. पण चढ परतीला आहे, तेव्हा कोकणात जिथे मुक्काम तिथे रात्रभर चार्जिंगची सोय आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचारावं लागतं.

मागची सीट. ‘पाच सीटर’ हे आरटीओच्या पुस्तकातलं विधान आहे. चार मीटरच्या आत इंजिन, माणसं आणि डिकी बसवताना कुणाला तरी आखडावं लागतंच. ३एक्सओचा व्हीलबेस २६०० मिलिमीटर, कायलॅकचा २५६६, ब्रेझाचा २५००, नेक्सॉनचा २४९८, पंचचा २४४५. ३एक्सओमध्ये मागे पाय मोकळे राहतात. डिकी त्या मानाने लहान. कायलॅकमध्ये डिकी ४४६ लिटर म्हणजे या रांगेत भरघोस, पण मधल्या बोगद्यामुळे तिसऱ्याचे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. एक्स्टरमध्ये ३९१, नेक्सॉनमध्ये ३८२, ब्रेझात ३२८, फ्राँक्समध्ये ३०८. लिटरचे आकडे पेटीला फसवतात. डिकीचं तोंड किती रुंद आहे आणि ओठ किती उंच आहे, ते आंब्याची पेटी उचलून ठेवणाऱ्याच्या कमरेला कळतं. मागे नेहमी तीन मोठी माणसं बसत असतील तर खांद्याजवळची रुंदी मोजावी आणि मधल्या जागेला डोक्याचा टेका आणि तीन बिंदूंचा पट्टा आहे का ते बघावं. अनेक गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये मधल्या माणसाला डोक्याचा टेका नसतो. हे छापील पत्रकात बारीक अक्षरात असतं, सनरूफ मोठ्या अक्षरात.

सुरक्षिततेत मात्र या रांगेने देशाला काही दिलं, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, आणि ती पुण्याजवळ रांजणगावात बनते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. नेक्सॉन, नाशिकची ३एक्सओ, चाकणची कायलॅक यांनी तिथेही पाच तारे घेतले. पूर्वी ‘पत्रा जाड आहे का’ असं बोटाने ठोकून बघणारं गिऱ्हाईक आता तारे विचारतं, ही चांगली गोष्ट झाली. पण समोरची धडक तिथे ६४ किलोमीटर वेगाने घेतात, आणि शिरोली ओलांडून सुसाट निघालेल्या गाडीचा काटा शंभरावर असतो. महामार्गाच्या रुंदीकरणाची वळणं, डायव्हर्जन, उलट्या बाजूने येणारे दुचाकीस्वार आणि रात्री मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची दोन-ट्रॉली गाडी, या सगळ्यांपुढे तारे म्हणजे शेवटचा आधार. आधी हेडलाइट चांगले लागतात. गगनबावड्याच्या आणि आंबोलीच्या धुक्यात खाली बसवलेले फॉग लॅम्प लागतात, आणि नेमके तेच खालच्या मॉडेलमधून हल्ली काढून टाकलेले असतात.

मागचा पट्टा ही तर आपली जुनीच खोड. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते महागड्या, भक्कम गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी पट्टे लावले. मांडीवर बसवलेलं मूल धडकेच्या क्षणी कुणालाच धरून ठेवता येत नाही. आयसोफिक्सची कडी आता बहुतेक गाड्यांत आहे. तिच्यात अडकवायची मुलाची सीट मात्र हजारांत एखाद्या घरात दिसते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही.

कोल्हापुरात गाडी घेताना पुराचा विचार न करणारा माणूस बाहेरचा समजावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आकडे इथे पोरासोरांना पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडचा रस्ता बंद पडला. रत्नागिरीच्या वाटेवर केर्लीला, गगनबावड्याच्या वाटेवर बालिंग्याला पाणी यायला एवढा मोठा पूरही लागत नाही. उंच गाडीवाल्याचा आत्मविश्वास इथे घात करतो. ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर म्हणजे तेवढ्या खोल पाण्यातून जायचा परवाना नव्हे. पुढून ट्रक आला की लाट बॉनेटवर येते, हवेच्या नळीतून पाणी सिलेंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने पिस्टनचा दांडा वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघणं हे त्याहून वाईट. साधी विमा पॉलिसी अशा वेळी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. नदीकाठच्या वस्तीत, दुधाळीत किंवा कसबा बावड्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्याने ‘इंजिन प्रोटेक्ट’ची पुरवणी डोळे झाकून घ्यावी आणि इशारा पातळी आली की गाडी उंचावरच्या पाहुण्याकडे नेऊन लावावी. जुने कोल्हापूरकर हे करतातच.

देखभालीच्या बाबतीत हे शहर नशीबवान आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत वाहनउद्योगासाठी लोखंड ओतलं जातं, पिस्टन आणि बेअरिंग घडतात. उद्यमनगरात न मिळणारा भाग करून मिळतो. त्यामुळे वॉरंटी संपली की गाडी गॅरेजवाल्याकडे जाते, आणि तो नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतो. पण नव्या गाड्यांत अर्धं दुखणं सॉफ्टवेअरचं असतं. पडदा काळा पडला, सेन्सर उगाच ओरडला, तर कान उपयोगाचा नाही. जी कंपनी निवडाल तिचं सर्व्हिस सेंटर गावात आहे एवढ्यावर थांबू नका. त्याच गाडीच्या दोन-तीन मालकांना गाठून सुटा भाग किती दिवसांत आला ते विचारा. आपल्याकडे पार्किंगमध्ये अनोळखी माणसालाही असं विचारता येतं, तो चहा पाजून सांगतो.

मग घ्यायची कोणती? पेठेतलं चार माणसांचं घर, वर्षाला आठ हजार किलोमीटर, कोकण एकदाच: पंच किंवा एक्स्टर, साधं पेट्रोल, आणि वाचलेले पैसे बँकेत. खरं तर अशा घराने बलेनो किंवा डिझायरही बघावी, नाकाची उंची सोडली तर फारसं काही गमावत नाही. पाच-सहा माणसांचं घर, आजी-आजोबा बरोबर, वर्षातून चार वेळा कोकण आणि महिन्याला पुणे: टर्बो पेट्रोल, ३एक्सओ किंवा नेक्सॉन, मधल्या मॉडेलमध्ये, गाडी स्वतः चालवायचा शौक असेल तर कायलॅक. फिरतीचा धंदा असेल तर डिझेल, आणि तेही लवकर, कारण ते देणाऱ्या कंपन्या कमी होत चालल्या आहेत. ब्रेझाचं १.५ लिटर इंजिन साधं, टर्बोविना, दीर्घायुषी. गाडी दहा वर्षं वापरून मग चांगल्या भावात विकणाऱ्याने कराचा फटका सोसूनही तिचा विचार करावा.

आणि पैसे भरण्याआधी शोरूमवाल्याला पन्हाळ्यापर्यंत टेस्ट ड्राइव्ह मागावी. एकट्याने नाही, आजीला पुढे, तिघांना मागे, डिकीत तांदळाची दोन पोती, एसी चालू. वाघबिळानंतरचा चढ सुरू झाला की मागून कोण काय बोलतं ते ऐकावं. एवढ्या लांब देता येत नाही असं म्हणाले, तर रांगेत पुढचं शोरूम आहेच.